कळलावी भांडणं लावत नाही

गेल्या श्रावणात आमच्या शेजारच्या काकूंनी गडग्यावर चढलेली कळलावी मुळासकट उपटली. वेल ऐन बहरात होती. पिवळ्या-लाल पाकळ्या ज्वाळांसारख्या वर उलटलेल्या. का उपटली म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "दारात कळलावी असली की घरात भांडणं लागतात रे." तो कंद मी मागून आणला आणि आमच्या कुंपणाच्या कडेला लावला. तेव्हापासून या वेलीबद्दल लिहायचं मनात आहे.

नावातली ही कळ भांडणाची नाहीच, बाळंतपणाची आहे. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून हा कंद वापरायची जुनी रीत होती. तीही सोडून द्यायलाच हवी, कारण कंद पोटात गेला तर माणूस दगावतो. पण वेल दारात उगवल्याने सासू-सुनांचं बिनसतं, याला काडीचाही आधार नाही. या समजापायी आपण सह्याद्रीतलं एक अस्सल रानफूल कुंपणाकुंपणातून हद्दपार करतो आहोत.

वेलीचं खरं सामर्थ्य तिच्या कंदात आणि बियांत आहे. त्याचं नाव कोल्चिसिन, पेशींचं विभाजन रोखणारं विष. शाळेतलं पेशीविभाजन आठवा. गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर रांगेत येतात आणि दोन्ही टोकांकडून आलेले धागे त्यांना आपापल्या बाजूला ओढून नेतात. हे धागे म्हणजे सूक्ष्मनलिका. एकेक नलिका जेमतेम २५ नॅनोमीटर जाडीची, आतून पोकळ, ट्युब्युलिन या प्रथिनाच्या विटांनी रचलेली. वीट म्हणजे खरं तर जोडवीट, अल्फा आणि बीटा असे दोन भाग चिकटलेली. नलिकेच्या टोकाला या विटा सतत लागत असतात आणि सुटत असतात. हे बांधकाम अखंड चालू असतं म्हणूनच धागे लांब होतात, आखडतात आणि गुणसूत्रं ओढू शकतात.

सुटी जोडवीट किंचित वाकलेली असते. नलिकेत बसताना ती सरळ व्हावी लागते. कोल्चिसिनचा रेणू नेमका अल्फा-बीटाच्या सांध्यात पाचरीसारखा शिरतो आणि विटेला सरळ होऊ देत नाही. अशा थोड्याच वाकड्या विटा टोकाला लागल्या तरी पुढचं काम थांबतं. सगळ्या विटा बिघडवायची गरजच नाही, म्हणून हे विष इतकं थोडं पुरतं. १९६७ साली शिकागोत गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी किरणोत्सारी कोल्चिसिन वापरून ते पेशीत नेमकं कशाला चिकटतं याचा माग काढला, आणि त्यातूनच ट्युब्युलिन हाती लागलं. विषाचा पाठलाग करताना पेशीच्या बांधकामाची वीट सापडली, याचं मला अजून नवल वाटतं.

आता बाकीचं आपोआप उलगडतं. विषबाधेत आधी आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा कोलमडते, कारण तिथे पेशी सर्वांत वेगाने विभागतात. वाचलेल्या रुग्णाचे केसही पुढे गळतात. वातरक्तात म्हणजे गाउटमध्ये मात्र ०.५ मिलिग्रॅमची गोळी आराम देते, कारण सुजलेल्या सांध्याकडे धावणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही या नलिका लागतात. वनस्पतींमध्ये तर आणखी वेगळं घडतं. गुणसूत्रं दुप्पट झालेली असतात, पण ओढणारे धागेच नसल्याने ती एकाच पेशीत राहतात. २२ गुणसूत्रांचं कलिंगड असं ४४ चं होतं. त्याचा २२ वाल्याशी संकर केला की ३३ चं रोप मिळतं, आणि ३३ च्या सारख्या जोड्या लागत नाहीत म्हणून त्याला धड बी धरत नाही. बिनबियांचं कलिंगड ते हेच.

औषधासाठी कळलावीची शेती तमिळनाडूत होते. धारापुरम, मूलनूर या कोरड्या, लाल मातीच्या भागात. तिथे ती तमिळनाडूचं राज्यफूलही आहे. पानांची टोकं तणाव्यासारखी गुंडाळून ही वेल आधार पकडते, म्हणून तिथले शेतकरी तिला गुग्गुळाच्या एका काटेरी भावंडाच्या, मुळ्‌किळुवैच्या, जिवंत कुंपणावर चढवतात. कंद जमिनीतच ठेवून बिया विकतात. कष्ट आहेत ते परागणाचे. फुलाची परागवाहिनी बुडापाशीच काटकोनात वळून पुंकेसरांपासून दूर जाते, त्यामुळे स्वतःचे पराग तिला सहसा मिळत नाहीत. मोठ्या पंखांची फुलपाखरं पुरेशी नसली की मजूर सकाळी फुलाफुलाला हाताने पराग लावतात.

आपल्याकडच्या वरकस, मुरमाड जमिनीच्या बांधावर असं जिवंत कुंपण जमण्यासारखं आहे. निरगुडी आणि अडुळसा दाटीने लावावा. अडुळशाला शेळी तोंड लावत नाही. मधेमधे पांगारा, त्याच्या आधाराने शतावरी आणि कळलावी. कळलावी पहिल्या पावसात उगवते, दिवाळीनंतर सुकून जाते आणि उन्हाळाभर कंद जमिनीत झोपतो, तेव्हा पाणी मागत नाही. मात्र एकरी लाखोंच्या जाहिरातींवर विसंबून कुणी हिच्या मागे लागू नये. सफेद मुसळीत अशाच जाहिरातींनी आपल्या शेतकऱ्यांचे हात पोळले होते. आधी बियांचा खरेदीदार पक्का करावा, कंद रानातून खणून न आणता लागवडवाल्याकडून घ्यावा, आणि लहान मुलांना व गुरांना कंदापासून लांब ठेवावं.

कंद लावताना हात हलका हवा. तो इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो. संस्कृतात हिला लांगली म्हणतात, ते या नांगरासारख्या आकारामुळे. कोंब फक्त टोकाला असतो आणि कंद इतका ठिसूळ की जरा धक्का लागला तर ते टोक मोडतं, मग उरलेला कंद उगवत नाही. काकूंनी उपटलेल्या कंदाचं एक टोक मोडलेलं होतं. दुसरं शाबूत होतं; यंदा मृगात त्यातूनच कोंब वर आला.