ड्रिफ्टवूडला झाडं बांधायची पद्धत आली कुठून?

हल्ली कुठलाही प्लांटेड टँक (जिवंत झाडं लावलेली माशांची टाकी) बघा, मधोमध एक वाकडंतिकडं लाकूड, म्हणजे ड्रिफ्टवूड, आणि त्याला धरून बसलेली अन्युबियस, जावा फर्न, मॉस (शेवाळं) ही झाडं ठरलेलीच. पण टाकीत झाडं ठेवायचा नाद त्याच्यापेक्षा खूप जुना आहे. 1850 मधे लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या केमिस्टने गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून ही टाकी आपली आपण नीट चालते हे मांडलं, तेव्हापासून झाड म्हणजे तळाच्या वाळूत खोचायचं हेच डोक्यात बसलं. पुढे 1930 च्या दशकात हॉलंडमधे डच स्टाइल आली, तीही शेवटी बागच, उंचीप्रमाणे आणि रंगाप्रमाणे लावलेले ताटवे, लाकडाला त्यात फारसं काम नाही.

गंमत म्हणजे बॉटनीवाल्यांना ही लाकडावरची झाडं फार आधीपासून माहीत होती. जावा फर्नची नोंद ब्लूमेने 1828 मधे केली, अन्युबियसची शॉटने 1857 मधे. एक आशियातलं (आपल्या ईशान्य भारतातही सापडतं), दुसरं आफ्रिकेतलं, पण दोघांचं राहणं सारखंच, ओढ्याकाठचे दगड आणि पडलेली झाडं, पावसात पाण्याखाली आणि एरवी बाहेर. जमिनीवरून आडवं सरकणारं जाड खोड असतं त्याला रायझोम म्हणतात, ते उघडंच राहायला लागतं, वाळूत पुरलं की काही आठवड्यांत मऊ पडून सडतं. सह्याद्रीत पावसाळ्यात झाडांच्या खोडांवर आणि कातळावर बाशिंग उगवतं ना, जावा फर्न त्याच्याच कुळातलं. लाकडातून ते काही शोषून घेत नाही, फक्त पकडायला आधार हवा असतो. आणि हो, पानांमागे काळे ठिपके दिसले की रोग समजून पानं कापू नका, बहुतेक वेळा ते बीजाणू असतात, त्याच जुन्या पानांवर नवीन पिल्लंही येतात.

लाकडाला खरा भाव मिळवून दिला तो ताकाशी अमानोने. जपानमधल्या निईगाताचा हा माणूस, आधी प्रोफेशनल सायकल रेसर, मग फोटोग्राफर. 1982 मधे त्याने एडीए ही टाक्यांचं सामान विकणारी कंपनी काढली, बोर्निओ, ॲमेझॉनची जंगलं फिरून फोटो काढले, आणि तिथला ओढाकाठ टाकीत उतरवायचं ठरवलं, म्हणजे मग पडलेलं झाड आलंच आणि त्यावरचं शेवाळंही. 90 च्या दशकात त्याची पुस्तकं इंग्रजीत आली आणि जगभर लोक दोरा घेऊन बसले. मॉससाठी पाण्यात हळूहळू विरघळणारा सुती दोराच तो विकायचा, तोवर मॉसने लाकूड धरलेलं असतं. अन्युबियस मात्र महाआळशी, महिन्याला एखाद-दोन पानं, मुळं पकडायच्या आधीच सुती दोरा कुजायचा, म्हणून त्याला मासेमारीची नायलॉन दोरी.

आता बरेच जण दोराही वापरत नाहीत, सरळ फेविक्विक. यातलं सायनोअक्रिलेट 1942 मधे कोडॅकच्या हॅरी कूव्हरला बंदुकीच्या साईटसाठी (नेम धरायचा भाग) पारदर्शक प्लास्टिक शोधताना सापडलं, सगळ्यालाच चिकटतं म्हणून त्याने बाजूला टाकलं, पुढे 1958 मधे ते ग्लू म्हणून बाजारात आलं. ओलाव्यानेच ते घट्ट होतं त्यामुळे आपल्या कामाला फिट्ट बसतं, फक्त ओल्या रायझोमवर पांढरा डाग राहतो आणि तो जावा फर्नच्या गडद खोडावर उठून दिसतो, म्हणून मी अजून काळा दोराच वापरतो. जेल वाला ग्लू असेल तर थेंब ओघळत नाही तेवढं बरं.

सध्याची क्रेझ म्हणजे बुसेफॅलँड्रा, बोर्निओच्या ओढ्यांतल्या खडकांवरचं झाड, त्यालाही हाच नियम, रायझोम उघडं. पण त्याची मागणी एवढी वाढली की जंगलातून ओरबाडून आणलेला मालही विकला जातो, तेव्हा घेताना टिश्यू कल्चरच्या कपातलं (लॅबमधे जेलवर वाढवलेलं) मिळत असेल तर तेच घ्या, जेल नीट धुवून काढा आणि मग बांधा.