रसायन उद्योग : व्यवसाय-धोरण आणि सामाजिक-पर्यावरणीय प्रश्नांची सांगड

रसायने बनवणारी कंपनी उत्पादने, गुंतवणूक, संशोधन आणि विक्री यांचे निर्णय घेते, तेव्हाच प्रदूषण, हवामानबदल, कामगारांची व शेजाऱ्यांची सुरक्षितता, पाणी आणि अन्न या प्रश्नांचा हिशेब त्यात धरणे, म्हणजे ही सांगड. आवारात झाडे लावणे किंवा जवळच्या शाळेला संगणक देणे तिच्यात मोडत नाही. ती कामे चांगली असतात, पण त्यांनी कंपनीचा धंदा बदलत नाही. कंपनी काय बनवते, कशापासून आणि कोणत्या वाटेने बनवते, आणि काय बनवायचे थांबवते, या तीन प्रश्नांची उत्तरे बदलली तरच सांगड बसली असे म्हणता येते. तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि कंपनीची खरी परीक्षा तोच घेतो.

रसायन उद्योग इतर बहुतेक उद्योगांच्या आधी उभा असतो. रंग, औषध, कापड, साबण, बॅटरी, खत या सगळ्यांचा कच्चा माल कुठल्या तरी रिॲक्टरमधून, म्हणजे रासायनिक अभिक्रिया घडवणाऱ्या पात्रातून, आलेला असतो. त्यामुळे इथला एक निर्णय पुढे हजारो वस्तूंत उतरतो, आणि इथली चूकही. गरज आणि अपाय एकाच पाइपातून कसे येतात हे अमोनियात दिसते. हवेतला नायट्रोजन पकडून अमोनिया बनवण्याची हाबर-बॉश पद्धत १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे कारखान्याच्या प्रमाणावर सुरू झाली. आज जगातल्या सुमारे निम्म्या लोकांचे अन्न या अमोनियापासून बनलेल्या खतावर पिकते. पण त्यासाठी लागणारा हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायू आणि कोळशातून काढला जातो आणि त्यातून वर्षाला सुमारे ४५ कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शिवाय शेतात गरजेपेक्षा जास्त पडलेले खत नायट्रेट होऊन पाण्यात उतरते, आणि काही अंश नायट्रस ऑक्साइड हा हवामान तापवणारा वायू होऊन हवेत जातो. अमोनियाचे उत्पादन थांबवून चालणार नाही. म्हणून खत कंपनीपुढचे प्रश्न दोन : हायड्रोजन कुठून आणायचा, आणि पोत्यांच्या संख्येवर कमाई करणाऱ्या विक्रेत्याने शेतकऱ्याला ‘यंदा कमी टाका’ असे सांगावे म्हणून विक्रीची घडी कशी बसवायची. पहिल्याची चर्चा पुष्कळ होते. दुसराही तितकाच मोठा आहे.

साठाच नको : सुरक्षिततेचा निर्णय कुठे होतो

१९८४ च्या डिसेंबरमध्ये, २ आणि ३ तारखेच्या मधल्या रात्री, भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील टाकीत पाणी शिरले, अभिक्रिया भडकली आणि मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू वस्तीवर पसरला. हजारो माणसे गेली. जी वाचली त्यांतल्या असंख्य लोकांची फुप्फुसे आणि डोळे कायमचे अधू झाले. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने बंद होती आणि वायू जाळणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता, हे सर्वज्ञात आहे. या निष्काळजीपणाला क्षमा नाही. पण धोरणाच्या दृष्टीने त्याच्याही आधीचा प्रश्न असा की त्या एका टाकीत सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट होतेच कशाला? ते विकायचे उत्पादन नव्हते. कार्बारिल हे कीटकनाशक बनवण्याच्या वाटेवरचा तो मधला पदार्थ होता. अभिक्रियांचा क्रम बदलला तर कार्बारिल त्याच्याशिवायही बनते.

हा विचार भोपाळनंतर सुचलेला नाही. १९७४ मध्ये इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथे सायक्लोहेक्झेनच्या स्फोटात २८ जण दगावले. त्यानंतर ब्रिटिश रसायन अभियंता ट्रेव्हर क्लेट्झ यांनी सत्तरच्या दशकातच एक साधे सूत्र मांडले : जे कारखान्यात नाहीच, ते गळूही शकत नाही. घातक पदार्थ कमी साठवा, शक्य असेल तर बदला, सौम्य तापमानाला वापरा, आणि यंत्रणा इतकी साधी ठेवा की चूक करायला वाव उरणार नाही. ही चारही कामे आराखड्याच्या टप्प्यावर होतात. सेफ्टी ऑफिसरच्या हातात हेल्मेट, अलार्म आणि मॉक ड्रिल असते. टाकी किती मोठी असावी हे ज्या बैठकीत ठरते तिथे त्याला बहुधा बोलावलेले नसते. त्याला त्या बैठकीत खुर्ची देणे हा धोरणाचा भाग आहे.

स्वयंशिस्त आणि कायदा

उद्योगाने स्वतःला घालून घेतलेल्या शिस्तीतली सर्वांत परिचित म्हणजे १९८५ मध्ये कॅनडात सुरू झालेला ‘रिस्पॉन्सिबल केअर’ हा उपक्रम. तो पुढे अनेक देशांत पसरला. हेतू चांगला होता, पण सुरुवातीची बरीच वर्षे न पाळणाऱ्याला शिक्षा नव्हती. अमेरिकेतील कंपन्यांची तुलना करणारा एक अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की प्रदूषण कमी करण्यात उपक्रमात सामील झालेल्या कंपन्यांची सुधारणा बाहेर राहिलेल्यांपेक्षा वेगवान नव्हती, उलट मंद होती. नाव लावले की काम झाले, असे मानणाऱ्यांना अशा उपक्रमात आडोसा मिळतो. पुढे तिथे बाहेरच्या तपासनिसाकडून प्रमाणन बंधनकारक झाले.

याउलट १९८६ च्या अमेरिकी कायद्यातल्या एका तरतुदीने फक्त एवढे सांगितले की कोणत्या कारखान्यातून कोणते विषारी रसायन किती बाहेर पडते ते दरवर्षी जाहीर करा. आकडे शेजाऱ्यांच्या, वार्ताहरांच्या आणि भागधारकांच्या हाती पडले. कितीतरी वरिष्ठ अधिकाऱ्यांनीही आपल्याच कंपनीचा एकत्रित आकडा त्या निमित्ताने पहिल्यांदा पाहिला. युरोपीय संघाचा ‘रीच’ हा रसायनांविषयीचा नियम (२००७ पासून लागू) आणखी पुढे गेला. त्याने रसायनाच्या सुरक्षिततेच्या पुराव्याचा भार सरकारच्या खांद्यावरून उचलून कंपनीच्या खांद्यावर ठेवला : माहिती नाही तर बाजारही नाही. याशिवाय चिवट सेंद्रिय प्रदूषकांवरचा स्टॉकहोम करार (२००१), पाऱ्यावरचा मिनामाता करार (२०१३) आणि २०२३ मध्ये बॉन येथे मान्य झालेली रसायनांविषयीची जागतिक चौकट आहे. शहाणी कंपनी अशा यादीत आपले उत्पादन येण्याची वाट पाहत नाही. तिच्या प्रयोगशाळेला पाच-दहा वर्षे आधीच दिशा कळलेली असते.

बनवण्याची वाट

कचरा तयार झाल्यावर त्याचे काय करायचे हा जुना प्रश्न, तो तयारच का व्हावा हा नवा. १९९१ मध्ये बॅरी ट्रॉस्ट यांनी कच्च्या मालातले किती अणू अंतिम पदार्थात उतरतात हे मोजण्याची कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी रॉजर शेल्डन यांनी दर किलो मालामागे किती किलो कचरा निघतो याचे गुणोत्तर प्रसिद्ध केले. त्यातून एक उलटे चित्र समोर आले. धूर ओकणारे म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले जाते त्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत हे गुणोत्तर ०.१ च्या आसपास किंवा कमी असते, तर स्वच्छ पांढऱ्या गोळ्या बनवणाऱ्या औषधनिर्मितीत ते २५ पासून १०० च्याही वर जाते. पॉल अनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची १२ तत्त्वे मांडली, त्यांतले पहिलेच तत्त्व कचरा निर्माण न होऊ देण्याचे आहे.

ही गोष्ट आयबुप्रोफेन या वेदनाशामकात जवळून पाहता येते. १९६० च्या दशकातल्या मूळ पद्धतीत सहा पायऱ्या होत्या आणि कच्च्या मालातले जेमतेम ४० टक्के अणू औषधात उतरत. बाकीचे क्षार आणि गाळ होऊन बाहेर पडत. पहिल्याच पायरीत ॲल्युमिनियम क्लोराइड भरपूर लागे आणि शेवटी ते ओल्या कचऱ्याच्या रूपात उरे. पेटंटची मुदत संपल्यावर एका नव्या संयुक्त कंपनीने तीन पायऱ्यांची पद्धत काढली आणि १९९२ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात तिचा कारखाना चालू झाला. अणूंचा उपयोग ७७ टक्क्यांवर गेला. सोबत निघणारे ॲसेटिक आम्ल वेगळे करून वापरले तर तो ९९ टक्क्यांपर्यंत पोहोचतो. पायऱ्या निम्म्या म्हणजे टाक्या कमी, ऊर्जा कमी, सांडपाणी कमी आणि खर्चही कमी. मात्र या नव्या पद्धतीत हायड्रोजन फ्लोराइड हा अत्यंत घातक पदार्थ वापरतात. तो जवळजवळ पूर्ण परत मिळवला जात असला तरी तो तिथे असतो, आणि क्लेट्झ यांचे सूत्र इथेही लागू पडते. हरित म्हणून गौरवलेल्या पद्धतीचीही सर्व बाजूंनी तपासणी व्हायला हवी.

एकाचा कचरा दुसऱ्याचा कच्चा माल व्हावा, ही वाट डेन्मार्कमधील कालुंडबोर्ग येथे दिसते. तिथे सत्तरच्या दशकापासून वीजकेंद्र, तेलशुद्धीकरण कारखाना, जिप्समचे फलक बनवणारा कारखाना आणि औषधनिर्माते एकमेकांना वाफ, पाणी, वायू, जिप्सम देत आले आहेत. ही व्यवस्था कोणी आधी कागदावर आखली नव्हती, एकेका करारातून ती वाढत गेली.

उत्पादनाचाच प्रश्न

पद्धत सुधारून भागत नाही, हे थ्रीएम या कंपनीच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते. १९७५ मध्ये तिने ‘प्रदूषण रोखणे फायद्याचे’ अशा अर्थाचा कार्यक्रम सुरू केला आणि कारखान्यातला कचरा मुळाशी कमी करून पैसे वाचवले. उद्योगजगतात तो धडा म्हणून शिकवला गेला, आणि तो योग्यच होता. पण तीच कंपनी निसर्गात विघटन न होणारी फ्लोरिनयुक्त पीफास रसायने बनवत होती. ती पिण्याच्या पाण्यात आणि माणसांच्या रक्तात सापडली. २०२३ मध्ये अमेरिकेतील सार्वजनिक पाणीपुरवठा संस्थांशी तिला १,००० कोटी डॉलरहून अधिक रकमेची तडजोड करावी लागली. त्याआधी, डिसेंबर २०२२ मध्ये, तिने २०२५ अखेर या रसायनांचे उत्पादन सोडण्याचे जाहीर केले होते. कारखान्याच्या कुंपणाआत केलेली बचत कुंपणाबाहेर गेलेल्या मालाची जबाबदारी फेडू शकली नाही.

पर्याय निवडतानाही आगीतून फुफाट्यात पडण्याचा धोका असतो. ओझोनचा थर विरळ करणारी क्लोरोफ्लुरोकार्बने बनवणारी सर्वांत मोठी कंपनी ड्यूपाँ. तिने आधी निर्बंधांना विरोध केला, पण १९८७ च्या मॉन्ट्रिऑल करारानंतर, १९८८ मध्ये, उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे जाहीर केले. त्यांच्या जागी आलेल्या हायड्रोफ्लुरोकार्बनांनी ओझोन वाचवला. मात्र त्यांतले बरेच वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारपट आणि त्याहून अधिक उष्णता धरतात. म्हणून २०१६ मध्ये किगाली येथे त्यांच्या कपातीचाही करार करावा लागला. एका संयुगावर बंदी आली की त्याचे जवळचे भावंड आणायचे, ही सवय उद्योगाला वारंवार नडली आहे. यासाठी काही मोठ्या कंपन्या आता आपली सर्व उत्पादने त्यांच्या वापरासकट चाळून गट पाडतात : कोणती पुढे न्यायची, कोणती सुधारायची, कोणती सोडायची. ही चाळणी संशोधनाच्या खर्चाला आणि अधिकाऱ्यांच्या मोबदल्याला जोडलेली असेल तरच तिला अर्थ राहतो.

विकण्याची रीत

यंत्राचे सुटे भाग रंगवण्याआधी त्यांच्यावरचे ग्रीस विद्रावकाने, म्हणजे ते विरघळवणाऱ्या द्रवाने, धुतात. विद्रावक पिंपावर विकला जातो तेव्हा टाकीचे झाकण उघडे राहिले, वाफ उडाली, गळती झाली, तर विकणाऱ्याचा फायदाच असतो. पिंप लवकर रिकामे होते. आता समजा, पैसे पिंपामागे न देता धुतलेल्या भागांमागे द्यायचे ठरले. त्याच दिवसापासून प्रत्येक पिंप विक्रेत्याच्या खर्चात धरले जाते. मग तो स्वतः येऊन टाकीवर घट्ट झाकण बसवतो, वापरलेला विद्रावक ऊर्ध्वपातन करून परत मिळवण्याची सोय करतो, तापमान किती ठेवावे हे कामगाराला दाखवतो. धुणाऱ्या कामगाराच्या नाकात जाणारी वाफही त्यामुळे कमी होते. संयुक्त राष्ट्रांची औद्योगिक विकास संस्था युनिडो हिने २००४ पासून या पद्धतीचा प्रसार ‘केमिकल लीजिंग’ या नावाने केला आहे. शीतलके, रंग, जलशुद्धीकरणाची रसायने यांनाही ती लागू पडते. ज्ञान विकून कमी माल खपवणे ही कल्पना टनांत विचार करणाऱ्या विक्री विभागाच्या पचनी पडायला वेळ लागतो, कारण त्याचे वर्षाचे उद्दिष्टच टनांत दिलेले असते.

गुंतवणूक आणि काळ

रसायन उद्योग हवामानाच्या हिशेबात वेगळा पडतो, कारण तेल आणि वायू त्याचे इंधन तर असतातच, शिवाय कच्चा मालही असतात. वीज पूर्ण अक्षय स्रोतांतून घेतली तरी प्लॅस्टिकातला कार्बन जमिनीतूनच आलेला राहतो, आणि ते जाळले की हवेत जातो. म्हणून केवळ स्वतःच्या धुरांड्याचे नव्हे, तर पुरवठादारांचे आणि विकलेल्या मालाच्या शेवटापर्यंतचे उत्सर्जनही मोजावे लागते. तेल-वायूतले रेणू उष्णतेने तोडून एथिलीन हा प्लॅस्टिकचा कच्चा माल बनवणारा क्रॅकर सुमारे ८५० अंश सेल्सिअसला चालतो आणि एकदा बांधला की कित्येक दशके चालवला जातो. आज मंजूर होणारा क्रॅकर २०५० मध्येही उभा असेल. काही कंपन्या अशा प्रस्तावात कार्बनच्या दर टन उत्सर्जनामागे एक काल्पनिक किंमत धरून हिशेब करतात. ती किंमत इतकी कमी धरली की एकही प्रस्ताव फेटाळला जात नाही, तर तो हिशेब न केल्यासारखाच आहे. एप्रिल २०२४ मध्ये जर्मनीतील लुडविग्सहाफेन येथे बीएएसएफ, साबिक आणि लिंडे या कंपन्यांनी विजेवर तापणाऱ्या क्रॅकर भट्ट्यांचे प्रात्यक्षिक संयंत्र सुरू केले. नेहमीच्या भट्टीत वायू जाळून मिळणारी उष्णता इथे विजेतून येते. कच्चा माल मात्र तोच आहे.