अनियंत्रित दम्यावरील प्रतिपिंड औषधांची चाचणी : पात्रता, कागदपत्रे आणि संमतीपत्र

नियमित पंप घेऊनही ज्यांचा दमा आटोक्यात येत नाही, अशा प्रौढ रुग्णांसाठी त्वचेखाली टोचायच्या प्रतिपिंड (अँटिबॉडी) औषधांच्या चाचण्या होत असतात. ओमॅलिझुमॅब, मेपोलिझुमॅब ही औषधे अशाच चाचण्यांतून वापरात आली. भारतातील चाचण्यांची नोंद भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया' या संकेतस्थळावर होते. वर्धा किंवा नागपूर येथे केंद्र आहे का आणि रुग्णभरती सुरू आहे का, हे तेथे पाहूनच प्रवासाचा खर्च करावा.

निकष चाचणीनुसार बदलतात. साधारणपणे वय १८ वर्षांहून अधिक, दम्याचे निदान होऊन किमान एक वर्ष झालेले, मध्यम किंवा जास्त मात्रेचा स्टेरॉइडचा पंप व त्याच्या जोडीला आणखी एक औषध चालू आणि गेल्या १२ महिन्यांत स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन घ्यावे लागेल असे एक-दोन झटके, एवढे पाहिले जाते. नळीत जोराने फुंकून करायच्या तपासणीत (स्पायरोमेट्री) श्वासाची क्षमता अपेक्षेच्या ८० टक्क्यांहून कमी असावी लागते, तर काही चाचण्यांत रक्तातील इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींच्या प्रमाणाचीही अट असते. गर्भवती स्त्रिया, क्षयाचे रुग्ण आणि बराच काळ विडी ओढलेले लोक बहुधा वगळले जातात.

आपल्याकडे खरी अडचण झटक्यांच्या पुराव्याची येते. सोयाबीनच्या मळणीत धाप लागली, गावातल्या दवाखान्यात सुई घेतली आणि चिठ्ठी तेथेच राहिली, तर तो झटका ग्राह्य धरून घेणे कठीण जाते. म्हणून आधारकार्डाबरोबर जुने केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले आणि चालू पंप सोबत न्यावा. पंप ओढण्याची पद्धतही तेथे तपासतात, कारण ती चुकत असेल तर दमा अनियंत्रित राहण्याचे कारण तेच असू शकते.

संमतीपत्रात व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचे नाव विचारलेले असते. वारसाचा रकाना पाहून घरची मंडळी बिचकतात. परंतु चाचणीमुळे मृत्यू झाल्यास भरपाई कोणाला द्यायची, यासाठी नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्यांच्या २०१९ च्या केंद्रीय नियमांनुसार तो ठेवलेला आहे. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाईचीही तरतूद आहे. वाचता न येणाऱ्या रुग्णासाठी निःपक्ष साक्षीदार लागतो. काहींना औषधाऐवजी निष्क्रिय इंजेक्शन मिळू शकते, त्यामुळे नेहमीचा पंप डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये. कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते. संमतीपत्राची सही केलेली प्रत मागून घ्यावी, आणि येण्याजाण्याचे भाडे कोण देणार हे सहीपूर्वीच विचारावे.