शुगर मोजणाऱ्याचे समाधान : एका मोजमापाची पार्श्वभूमी

टाइप १ मधुमेहात, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही अशा आजारात, रक्तातली शुगर मोजणाऱ्या मीटरचा आकडा किती अचूक असावा, याचे निकष केव्हाच ठरले. बोट टोचून तो आकडा मिळवणाऱ्या माणसाला ते काम कसे वाटते, हे विचारायला मात्र उशीर झाला. लघवीत बेनेडिक्टचे द्रावण मिसळून ती तापवायची आणि निळ्यापासून विटकरीपर्यंतच्या रंगावरून अंदाज बांधायचा, अशी अनेक दशके गेली. १९६० च्या दशकात रक्ताच्या थेंबाची पट्टी आली आणि पुढच्या दशकाच्या अखेरीस मीटर घरांत पोहोचू लागला.

अमेरिका आणि कॅनडातील १,४४१ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९३ साली आले आणि दिवसातून किमान चार वेळा शुगर मोजणे हा काटेकोर उपचाराचा भाग ठरला. अशा उपचाराने डोळ्यांच्या पडद्याचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला, पण शुगर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. त्याच चाचणीत जगण्याच्या गुणवत्तेची प्रश्नावलीही होती आणि काटेकोर उपचार घेणारे व नेहमीचा उपचार घेणारे अशा दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. या निष्कर्षाला वाजवीपेक्षा जास्त वजन दिले गेले, असे मला वाटते; कारण तेथील रुग्णांच्या पाठीशी प्रशिक्षित पथक होते आणि पट्ट्या पुरवून वापरण्याची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

समाधान मोजण्यासाठी सर्वाधिक वापरली गेलेली आठ प्रश्नांची प्रश्नावली १९८० च्या दशकातली आहे. तिच्यातील सहा प्रश्नांना शून्य ते सहा गुण देऊन ३६ पैकी बेरीज काढतात. अडचण अशी, की ती संपूर्ण उपचाराबद्दल विचारते. इन्सुलिन, आहार आणि तपासणी एकाच गाठोड्यात बांधली जातात. शिवाय बहुतेक जण सुरुवातीलाच भरभरून गुण देतात, मग नंतरची सुधारणा दिसायला जागाच उरत नाही. म्हणून उणे तीन ते अधिक तीन अशी, बदल विचारणारी दुसरी आवृत्ती करावी लागली. १९९९ नंतर सतत मोजणारे सेन्सर आले, २०१४ मध्ये दंडावर चौदा दिवस राहणारा सेन्सर युरोपात आला, आणि केवळ तपासणीबद्दलचे समाधान वेगळे मोजण्याची निकड वाढली. टाइप १ साठी पंधरा प्रश्नांचे असे स्वतंत्र साधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मनावरचा भार, रोजच्या कामावरचा भार, विश्वास आणि मोकळीक असे त्याचे चार भाग आहेत.

मराठीत खरा गुंता ‘समाधान’ या शब्दाचा आहे. आपल्याकडे समाधान ही वस्तूला द्यायची पावती नसून मनाची वृत्ती मानली जाते. जे वाट्याला आले त्यात समाधानी असणे हा चांगल्या माणसाचा गुण. यवतमाळ किंवा वाशीमच्या खेड्यात दवाखान्यातल्या ताईंनी ‘समाधानी आहात का?’ असे विचारले, तर ‘ठीक हाय जी’ हेच उत्तर येण्याचा संभव अधिक, मग कापसाच्या वेचणीने आधीच सोललेली बोटे रोज टोचून घ्यावी लागत असली तरी. त्या उत्तराला सहापैकी सहा गुण दिले, तर मीटरऐवजी त्या माणसाची सोशीकता मोजली जाते. ‘मोकळीक’ हा भागही तसाच निसटता आहे : मूळ प्रश्नांचा रोख आजाराचे बंधन कमी वाटते का, याकडे आहे, ‘मोकळेपणा’ असे भाषांतर केले, तर ऐकणाऱ्याला वाटेल की चारचौघांत आजाराबद्दल बोलता का, असे विचारले आहे. ‘समाधान’ ऐवजी ‘हे तुम्हाला जमते का, पटते का, परवडते का?’ असे तीन वेगळे प्रश्न मला अधिक प्रामाणिक वाटतात.

विश्वासाचा प्रश्नही येथे वेगळा होतो. अनेक पट्ट्यांच्या डबीवर ३० अंशांपर्यंतच्या तापमानात ठेवण्याची सूचना असते, आणि विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. वरूड-मोर्शीकडे संत्रा सोलून हात न धुता बोट टोचले, तर फळाच्या साखरेमुळे आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो. अशा आकड्यावर अविश्वास दाखवणारा रुग्ण चुकत नाही. पण गुणपत्रिकेत तो असमाधानी म्हणूनच उतरतो.

आणि ही सारी प्रश्नावली हाती असलेल्या साधनाबद्दल विचारते. मीटर कपाटात आहे पण पट्ट्या संपल्या आहेत, पुढची डबी कापूस विकल्यावर येणार आहे, अशा घरात ‘सध्याचे साधन’ म्हणजे नेमके काय, हे आधी विचारून घ्यावे लागते.