बीजिंगचे दोन समर पॅलेस: थंडीत कुठला कधी बघावा

बीजिंगच्या वायव्येला दोन राजउद्यानं जवळजवळ खेटून आहेत. एक समर पॅलेस, म्हणजे यीहयुआन. दुसरं ओल्ड समर पॅलेस, म्हणजे युआनमिंगयुआन. मेट्रोच्या ४ क्रमांकाच्या मार्गावर दोघांमध्ये जेमतेम एक-दोन स्टेशनांचं अंतर, त्यामुळे एकाचं तिकीट काढून दुसऱ्याचे फोटो शोधत फिरणारे पर्यटक काही कमी नसतात.

जुनं मोडकळीला आलं म्हणून नवं बांधलं, असा समज सहज होतो. तसं घडलेलं नाही. युआनमिंगयुआनचं काम १७०७ मध्ये सुरू झालं आणि यीहयुआनची मूळ बाग च्यानलोंग सम्राटाने १७५० मध्ये आईच्या साठीनिमित्त करायला घेतली. ऑक्टोबर १८६० मध्ये, दुसऱ्या अफू युद्धात, ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्याने युआनमिंगयुआन लुटलं आणि मग ब्रिटिशांनी लावलेल्या आगीत दोन्ही बागा जळाल्या. पुढे राजमाता त्सिशीने एक पुन्हा उभारली, १८८८ मध्ये तिला यीहयुआन हे नाव मिळालं. या कामासाठीचा पैसा आरमाराच्या निधीतून वळवल्याचा ठपका त्सिशीवर आजही आहे. दुसरी बाग तशीच राहिली.

म्हणजे आज यीहयुआनमध्ये दिसतं ते बरंचसं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं काम. ७२८ मीटर लांबीची, चित्रांनी भरलेली छताची पडवी त्यातलीच. तळ्याकाठच्या प्रसिद्ध संगमरवरी नौकेचा, म्हणजे नौकेच्या आकाराच्या इमारतीचा, खालचा दगडी भाग मात्र मूळचा. वरचा मजला लाकडी आहे आणि संगमरवरासारखा रंगवलेला. जवळ जाऊन बघा, फसवणूक लगेच कळते.

युआनमिंगयुआनमध्ये चकवा उलटा बसतो. तिथल्या फोटोंत नेहमी कोरीव पांढरे युरोपीय खांब दिसतात, आणि अख्खा राजवाडा तसाच असणार असं वाटतं. खरं तर तो एका कोपऱ्यातला छोटा भाग होता. च्यानलोंगच्या दरबारातल्या जेझुइट (एक कॅथलिक संघ) पाद्र्यांनी, कास्तिल्योने आणि बेनुआ यांनी, तो कारंज्यांसह रचला. बाकी जवळपास सगळं चिनी पद्धतीचं लाकडी बांधकाम होतं, ते राख झालं. दगड तेवढा उरला. तिथल्याच एका कारंज्यावरच्या राशिचक्रातल्या बारा प्राण्यांच्या काशाच्या मुंडक्यांपैकी सात चीनला परत मिळाली आहेत. त्यातलं घोड्याचं २०२० मध्ये याच बागेत परत आलं.

थंडीत काय बघावं, याचं उत्तर यातूनच निघतं. उन्हाळ्यात युआनमिंगयुआनची तळी कमळांनी भरतात, लोक तेच बघायला जातात आणि अवशेष बाजूला पडतात. डिसेंबरात झाडं उघडी, तळी गोठलेली. कुठे इमारत होती आणि कुठे फक्त चौथरा उरलाय, हे तेव्हाच नीट कळतं. माझ्या मते थंडी हाच या जागेचा खरा हंगाम. फक्त अंतरं मोठी आहेत: दक्षिण दरवाज्यापासून युरोपीय अवशेषांपर्यंत बरंच चालावं लागतं, आणि त्या भागाचं तिकीट वेगळं असतं.

यीहयुआनचं थंडीतलं कौतुक म्हणजे सतरा कमानींचा पूल. दक्षिणायन संपत येतं त्या दिवसांत, २१-२२ डिसेंबरच्या आसपास, मावळतीचं तिरपं ऊन सगळ्या कमानींच्या आतून शिरतं आणि त्या एकदम सोनेरी होतात. फक्त काही मिनिटं. तेव्हा सूर्य पाचच्या आधीच मावळतो, आणि तिपाया लावून बसलेले छायाचित्रकार तुमच्या कितीतरी आधी काठ अडवून बसतात. बागेच्या जवळपास तीन चतुर्थांश भागात पाणी आहे. थंडीत नौका बंद होतात. बर्फ पुरेसा जाड झाला की, बहुधा जानेवारीत, तळ्याचा काही भाग स्केटिंग आणि बर्फावरच्या घसरगाड्यांसाठी खुला होतो. आखून दिलेल्या हद्दीबाहेर बर्फावर पाऊल टाकू नका.

एकच दिवस असेल तर सकाळी युआनमिंगयुआन, दुपारनंतर यीहयुआन. उलटं केलंत तर पुलाचं ऊन हुकेल. रात्री पारा सहज शून्याच्या आठ-दहा अंश खाली जातो, पण खरा त्रास देतो तो तळ्यावरचा कोरडा वारा. कान झाकणारी टोपी घ्या आणि मोबाइल आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी भराभर उतरते. नोव्हेंबर ते मार्च यीहयुआनचं साधं तिकीट ३० ऐवजी २० युआन असतं. पासपोर्ट जवळ असू द्या.