कॅपिटल जी नसतानाची गणितं

संध्याकाळी सातच्या सुमारास कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कुठल्याही क्लासच्या जिन्यावर उभं राहिलं की वरून साधारण असा संवाद ऐकू येतो. गणित फळ्यावर आहे: पृथ्वीच्या पृष्ठभागापासून ६०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहाचा क्रांतिक वेग, म्हणजे कक्षेत फिरत राहायला लागणारा वेग, काढा. पृथ्वीची त्रिज्या (आर) ६४०० किलोमीटर, स्मॉल जी (पृथ्वीच्या पृष्ठभागावरचं गुरुत्वीय त्वरण) ९.८.

"सर, पृथ्वीचं वस्तुमान दिलेलंच न्हाई ओ."

"आरं, एम कशाला पायजे तुला? जी आर वर्ग घाल की!"

मुलं घालतात आणि उत्तर येतं: सेकंदाला ७.५७ किलोमीटर. पुढचं गणित सुरू होतं. गुरुत्वाकर्षणाचं हे प्रकरण आमच्या वेळी बारावीला होतं, आता अकरावीला आलंय. त्याची तोंडओळख दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्याच धड्यात होते. पण 'जीएमच्या जागी जीआर वर्ग' (म्हणजे कॅपिटल जी हा गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक गुणिले पृथ्वीचं वस्तुमान एम, त्याऐवजी स्मॉल जी गुणिले त्रिज्येचा वर्ग) ही गोष्ट सगळीकडे युक्ती म्हणूनच शिकवली जाते, वेळ वाचवायची, सीईटीला कामाला येणारी. खरं तर मूळ रस्ता हाच आहे. कॅपिटल जी आणि एम घालून गणित सोडवायची पद्धत फार नंतरची.

न्यूटनकडे कॅपिटल जी नव्हता. १६८७ साली त्याचा 'प्रिन्सिपिया' छापला गेला तेव्हा पृथ्वीचं वस्तुमान किती हे जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. तरीही त्याने उपग्रहाचं पहिलं गणित सोडवलं, कारण एक उपग्रह आयताच डोक्यावर होता. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ६० त्रिज्या दूर आहे. ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत असेल तर तिथे ती ३६०० पट कमी असायला हवी. झाडावरून सुटलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते. चंद्र आपल्या सरळ वाटेवरून पृथ्वीकडे एका मिनिटात किती पडतो? तेही ४.९ मीटरच. मिनिटात ६० सेकंद आणि पडण्याचं अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ३६०० ला ३६०० ने भागून हिशेब चोख जुळतो. या सगळ्यात वापरलं काय? स्मॉल जी, आर, चंद्राचं अंतर आणि त्याचा २७.३ दिवसांचा आवर्तकाल, म्हणजे एका फेरीला लागणारा वेळ. राजारामपुरीतल्या फळ्यावर जे दिलेलं असतं तेवढंच.

मात्र हे 'दिलेलं' न्यूटनला तरी कोणी दिलं? आर मोजायला फ्रान्समध्ये झां पिकार्डने १६६९–७० च्या सुमारास अक्षांशाच्या एका अंशाचं अंतर जमिनीवर प्रत्यक्ष मोजलं. पृथ्वीचा आकार नेमका ठरवायच्या याच कामातला एक मोठा तुकडा पुढे आपल्याकडे झाला. विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासेतून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं आणि साखळ्या व थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) घेऊन तो उत्तरेकडे सरकत राहिला. १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला तो वारला, त्याची कबर तिथेच आहे. ६४०० हा आकडा लिहायला दोन सेकंद लागतात; मोजताना माणसं वाटेत संपली.

स्मॉल जीचं प्रकरण त्याहून गमतीचं. १६७२ मध्ये झां रिशे पॅरिसहून लंबकाचं घड्याळ घेऊन विषुववृत्ताजवळच्या केयेनला गेला, तर घड्याळ दिवसाला अडीच मिनिटं मागे पडू लागलं. बिघाड घड्याळात नव्हता, जागेत होता. विषुववृत्ताकडे जी कमी भरतो. हेच कोल्हापूरला लावून पाहा. आपण १६.७ उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. इथला जी ९.७८ च्या आसपास येतो. १९०१ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलेला प्रमाण आकडा ९.८०६६५ हा ४५ अंश अक्षांशाकडचा आहे. पुस्तकातला ९.८ म्हणजे आपल्या आणि त्यांच्या मधली तडजोड.

इथे भास्कराचार्यांचा विषय निघतोच, तेव्हा तोही उरकून टाकू. ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त 'आकृष्टिशक्तिश्च मही' हा श्लोक आहे. पृथ्वीच्या अंगी ओढून घेण्याची शक्ती आहे आणि तिनेच आकाशातली जड वस्तू तिच्याकडे ओढली जाते, हे त्यात स्वच्छ सांगितलेलं आहे. विचार मोठा आहे. पण अंतर दुप्पट झालं तर ओढ किती उरते, हे त्या श्लोकात नाही, आणि त्याशिवाय उपग्रहाचं एकही गणित सुटत नाही. दोन्ही गोष्टी एका दमात मान्य करायला हरकत नसावी.

मग एम आला कधी? १७९८ मध्ये, हेन्री कॅव्हेंडिशकडून. हा माणूस इतका बुजरा की घरातल्या मोलकरणींना चिठ्ठ्या लिहून निरोप द्यायचा. प्रयोगाचं साहित्य मुळात जॉन मिचेलचं होतं. प्रयोग करायच्या आधीच तो १७९३ मध्ये वारला. तारेला टांगलेला आडवा दांडा, त्याच्या दोन टोकांना पाऊण किलोच्या आसपासचे शिशाचे गोळे, आणि शेजारी आणून ठेवायचे दोन अगडबंब गोळे, प्रत्येकी सुमारे १५८ किलोचे. मोठा गोळा छोट्याला ओढणार आणि तार किंचित पिळणार, एवढीच अपेक्षा. पण खोलीत माणूस शिरला तरी त्याच्या अंगाच्या उबेने हवा हलायची आणि सगळं मुसळ केरात. म्हणून कॅव्हेंडिशने खोली बंद केली, गोळे बाहेरून दोऱ्यांनी हलवले आणि भिंतीतल्या भोकांतून दुर्बिणीने पट्टी वाचली.

त्याने कॅपिटल जी काढला असं पुस्तकांत सर्रास छापतात. त्याच्या निबंधात तो नाहीच. त्याला हवी होती पृथ्वीची घनता, आणि ती पाण्याच्या ५.४८ पट आली. आजचा आकडा ५.५१ आहे. घनता कळल्यावर आकारमानाने गुणलं की वस्तुमान मिळतं, १० च्या २४ व्या घाताला सहाने गुणून येतं तेवढे किलो. कॅपिटल जी हे अक्षर रुळायला एकोणिसावं शतक संपत यावं लागलं. तोवर उपग्रहांची, ग्रहांची, धूमकेतूंची गणितं दोनशे वर्षं त्याच्यावाचून सुटत होती.

एम 'दिलेलं' असतं, पण ते येतं कुठून, हा प्रश्न विचारणाऱ्यांत एक नाव याच गावचं आहे. जयंत नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ चा, कोल्हापूरचा. त्यांचे वडील विष्णू वासुदेव नारळीकर हेही इथलेच, गुरुत्वाकर्षण आणि सापेक्षता हाच त्यांचा विषय, आणि आयुष्याचा मोठा काळ गेला बनारस हिंदू विद्यापीठात. जयंतरावांनी फ्रेड हॉइल यांच्याबरोबर १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा जो सिद्धांत मांडला, त्यात कणाचं वस्तुमान त्याचं स्वतःचं नसतंच. विश्वातल्या बाकीच्या सगळ्या वस्तूंमुळे ते त्याला मिळतं. भौतिकशास्त्राच्या मुख्य प्रवाहाने हा सिद्धांत उचलला नाही. तरी फळ्यासमोर बसून 'एम कुठाय?' विचारणाऱ्या मुलाला हे कळलं तर बरं वाटेल.

गणिताचा दुसरा भाग आवर्तकालाचा. त्याचं मूळ न्यूटनच्याही मागे, केप्लरमध्ये आहे. १६०९ मध्ये त्याने पहिले दोन नियम मांडले, तिसरा १६१९ मध्ये: आवर्तकालाचा वर्ग सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात. दुसऱ्या नियमातून निघतं की ग्रह सूर्याच्या जवळ असताना जोरात पळतो आणि लांब असताना सावकाश; हा नियम आपल्याकडे दरवर्षी अंबाबाईच्या देवळातल्या गर्दीच्या पाठीमागे घडत असतो. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ ला आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं देवीपर्यंत पोहोचतात. तारखा अशा जोडीने येतात त्या पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे. दोन्ही मुहूर्त २१–२२ डिसेंबरपासून जवळपास सारख्याच दिवसांवर आहेत. पण या दोन किरणोत्सवांच्या मधे, ३–४ जानेवारीच्या सुमारास, पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते आणि वर्षातली सर्वात जोरात पळते, सेकंदाला ३०.३ किलोमीटरने. जुलैत हाच वेग २९.३ वर येतो.

केप्लरची आणि बारावीच्या पोरांची आणखी एक नाळ आहे: लॉग टेबल. नेपियरने १६१४ मध्ये लॉगॅरिदम छापले आणि केप्लरने ते हावरटासारखे उचलले. १६२७ च्या त्याच्या ग्रहसारण्यांना लॉगचाच आधार होता. बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे घनमूळ काढायला मुलं आजही तेच कोष्टक उघडतात. तीनाने भागा, अँटिलॉग घ्या.

४ ऑक्टोबर १९५७ ला ८३.६ किलोचा स्पुटनिक वर गेला आणि धड्यातला काल्पनिक उपग्रह खरा झाला. त्याची एक फेरी ९६.२ मिनिटांची होती. आपल्या फळ्यावरच्या ६०० किलोमीटरवाल्या उपग्रहाचा आवर्तकाल काढला तर पावणेसत्त्याण्णव मिनिटं येतात. इतकं जवळ उत्तर येणं हा योगायोग नाही. स्पुटनिकची सरासरी उंची त्याच्याच आसपास होती.

त्याच्या बारा वर्षं आधी, १९४५ मध्ये, आर्थर क्लार्कने उलटं गणित मांडलं होतं. वेग नको, उंची सांगा: आवर्तकाल एका दिवसाचा हवा. असा पहिला भूस्थिर उपग्रह, म्हणजे जमिनीवरून कायम एकाच जागी दिसणारा, १९६४ मध्ये फिरू लागला. आज कोल्हापुरातल्या गच्च्यांवर दूरदर्शनच्या फ्री डिशच्या छत्र्या आग्नेयेकडे तोंड करून का बसवलेल्या असतात, याचं उत्तर त्यातच आहे. तो उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश रेखांशाला आहे आणि आपण ७४ वर.

हेही गणित जी आर वर्गाने सुटतं. ९.८ आणि ६४०० घाला, २४ तास घाला, लॉग टेबलातून घनमूळ काढा. उंची ३५,९४० किलोमीटर येते. खरी उंची ३५,७८६. चूक दोन ठिकाणी आहे. एक, ९.८ आणि ६४०० हे गोळाबेरीज आकडे आहेत. अवकाश संस्था कॅपिटल जी आणि एम वेगळे वापरतच नाहीत, दोघांचा गुणाकार एकच आकडा म्हणून घेतात: ३,९८,६००.४४ (घन किलोमीटर भागिले सेकंदाचा वर्ग या एककात). उपग्रहांच्याच हालचालीवरून तो अब्जात दोन भाग इतका नेमका मिळालाय, तर एकटा कॅपिटल जी अजून दहा लाखांत २२ भागांच्या अनिश्चिततेवर अडलेला आहे. दुसरी चूक २४ तासांत. पृथ्वीची स्वतःभोवतीची फेरी ताऱ्यांच्या संदर्भात २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पुरी होते, आणि उपग्रहाला जुळवून घ्यावं लागतं ते या फेरीशी. पेपरात २४ लिहायचे की २३ तास ५६ मिनिटं, असं मुलं विचारतात. प्रश्नात २४ दिले असतील तर २४ लिहा, मार्क तिथेच आहेत.