दोन थेरपी एकत्र घेतल्या की मन बिघडतं?

‘मनावरच्या आघातावर एकच थेरपी घ्या, दोन मिसळल्या की मन आणखी बिघडतं,’ हा निरोप कर्नाटकातल्या निपाणी-खानापूरकडच्या ग्रुपांवर अधूनमधून फिरतो. शंका साहजिक आहे. दोन डॉक्टरांच्या गोळ्या आपणही न विचारता एकत्र घेत नाही. पण इथं गोळ्या नाहीत, टप्पे आहेत. ईएमडीआर ही आघातावरची पद्धत घ्या. तिचे ८ टप्पे. आधी तयारी, मन शांत ठेवायचा सराव. आठवणीवर काम त्यानंतर. त्यात विचारही तपासतात, शरीरातल्या जाणिवाही. मिश्रण पद्धतीतच आहे. घोळ होतो तो दोन थेरपिस्टना एकमेकांचा पत्ता नसला तर, तेवढं मात्र खरं. पडताळायला थेरपिस्टलाच विचारा: हे आत्ता का, पुढं काय? १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत सरकारी हेल्पलाइनही आहे. कन्नड जमत नसेल तर भाषा निवडता येते.